दोन्ही वेळा तेच उत्तर

१

भाग्यश्री ठोंबरेच्या गळ्यातून काढलेल्या ग्रंथीत कॅन्सर नव्हता.

नवी मुंबईच्या रुग्णालयातून आलेला तो अहवाल डॉ. अपेक्षा सोनावळेने उभ्यानेच वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला. सगळी थायरॉइड काढून, चिरून पाहिली होती. आत एक साधी गाठ होती, गावोगावच्या बायकांच्या गळ्यात असते तशी, निरुपद्रवी. आणि ती ग्रंथी काढायला लावणारा सुईच्या तपासणीचा रिपोर्ट अपेक्षाच्या सहीचा होता.

गाठीत बारीक सुई घालून पेशी काढतात, त्या स्लाइडवर पसरून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सहापैकी एक पायरी ठरवतात. पहिली म्हणजे पेशीच पुरेशा नाहीत. दुसरी निर्धोक. तिसरी आणि चौथी धूसर, पाचवी दाट संशयाची. सहावी म्हणजे कॅन्सर. भाग्यश्रीच्या रिपोर्टवर अपेक्षाने सहावी लिहिली होती.

कर्जतच्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात रुजू होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. ती डॉक्टर झाली तेव्हा भिसेगावच्या विहारात तिचा सत्कार झाला होता, आई पहिल्या रांगेत बसून रडली होती. आता तिला आईचा तोच चेहरा आठवला.

तिने कपाटातून भाग्यश्रीच्या स्लाइड्स काढल्या. आपली चूक दिसणार म्हणून तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचीही भीती वाटत होती. पण चूक दिसली नाही. पेशींच्या केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच होती, काहींच्या मधोमध भोक पाडल्यासारखी पोकळी. एकीवर नाही, सगळ्या स्लाइड्सवर. शिकाऊ विद्यार्थ्यालाही हा कॅन्सर ओळखता आला असता.

क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा भयंकर होता. या पेशी भाग्यश्रीच्या नव्हत्या. भाग्यश्रीला सुई मारली त्या खालापूरच्या शाळेतल्या शिबिरात बायकांची रांग लागली होती. त्यांतल्या कुणा एकीच्या गळ्यात हा कॅन्सर होता. आणि ती बाई घरी स्वयंपाक करत होती, कारण तिच्याकडे काळजीचं काही नसल्याचा कागद होता. त्यावरही सही अपेक्षाचीच होती.

२

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. धनेश दिघे साठीला आलेले, मवाळ बोलणारे गृहस्थ. अपेक्षाला इथे त्यांनीच घेतलं होतं. शिबिरात सुया त्यांनीच मारल्या होत्या आणि स्लाइड्स वाचायला तिच्याकडे दिल्या होत्या. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"होतं असं, अपेक्षा. डोळा बसायला वर्षं जातात. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"पण सर, तुम्ही एकदा बघा ना. स्लाइडवर कॅन्सर आहेच."

"तुला तो दिसतोय," ते हळूच म्हणाले.

त्या एका वाक्याने तिच्या पायाखालची जमीन हलली. कारण तिच्याविरुद्ध आकडा होता. दरवर्षी या प्रयोगशाळेत डॉक्टरांच्या नजरेची परीक्षा व्हायची. त्यांनी स्वतः वाचलेल्या जुन्या स्लाइड्स, नंबरावर कागदाची पट्टी चिकटवून, उलटसुलट करून त्यांच्यापुढे पुन्हा ठेवायच्या. नवं उत्तर जुन्या उत्तराशी किती जुळतं ते मोजायचं. दिघे सरांची सगळी उत्तरं जुळत. ते 'शंभर टक्के' दाराशी चौकटीत लावलेलं होतं आणि मान्यता देणारं तपासणी पथक शिबिराच्याच महिन्यात येऊन त्याचं कौतुक करून गेलं होतं. अपेक्षाची धूसर पायऱ्यांवरची बरीच उत्तरं बदलली होती. आधी तिसरी लिहिलेली दुसरी झाली होती, चौथीची तिसरी.

ट्रस्टच्या सचिवांनी फोनवर तेच बोलून दाखवलं. "मॅडम, ज्यांचं स्वतःशीच पटत नाही, त्यांच्या सहीवर लोकांचे गळे कापायचे का? पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी मीटिंग आहे. तुमचं म्हणणं तिथे मांडा."

त्या दिवसापासून अपेक्षा स्वतःच्या डोळ्यांना घाबरायला लागली. रिपोर्टवर सही करताना पेन थांबायचं. खाच खरंच आहे की मला हवी म्हणून दिसते? शेवटी तिने एक गोष्ट केली. त्या स्लाइड्स इतर काही स्लाइड्समध्ये मिसळल्या, नावगाव काही न सांगता वेगवेगळ्या शहरांतल्या तीन जाणत्या पॅथॉलॉजिस्टकडे आळीपाळीने पाठवल्या, आणि उत्तरं येईपर्यंत धड जेवली नाही.

तिघांनीही सहावीच लिहिली होती.

डोळा चुकला नव्हता. स्लाइड चुकली होती. तिने पळत जाऊन सरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "मग नीलेशला विचार. रंगवताना अदलाबदल झाली असेल."

एवढंच म्हणून ते आपल्या कामाला लागले. दारातून बाहेर पडताना अपेक्षाला काहीतरी खटकलं. काय, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

३

नीलेश बडेकर हा तंत्रज्ञ. शिबिरातून स्लाइड्सच्या पेट्या मोटरसायकलवर त्यानेच आणल्या होत्या आणि रंगवल्याही त्यानेच. अपेक्षाने विचारलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, माझ्यावर घालणार का हे?"

"घालत नाही. काय झालं ते शोधतेय. कुणाच्या तरी गळ्यात कॅन्सर आहे, नीलेश, आणि तिला ते माहीत नाही."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "कोण असेल हो ती?"

दोघांनी बसून विचार केला. प्रत्येक बाईच्या अर्ध्या स्लाइड्स हवेत वाळवायच्या आणि अर्ध्या ओल्याच स्पिरिटमध्ये बुडवायच्या, अशी पद्धत. वाळलेल्या निळ्या रंगात जात, ओल्या दुसऱ्याच रंगात, दुसऱ्या दिवशी. दोन्हींची भांडी वेगळी, पेट्या वेगळ्या. रंगवताना घोळ झाला असता तर एकाच प्रकारच्या स्लाइड्समध्ये झाला असता. पण भाग्यश्रीच्या नावावरच्या वाळलेल्या आणि ओल्या, दोन्ही प्रकारच्या स्लाइड्सवर तोच कॅन्सर होता. म्हणजे त्या वेगळ्या होण्याआधीच, सुईच्या टेबलावरच, त्यांच्यावर दुसऱ्या बाईचा नंबर पडला होता. नीलेश तेव्हा व्हरांड्यात पेट्या भरत होता.

टेबलापाशी दोघंच होते. सुई मारणारे सर आणि पेन्सिलने नंबर घालणाऱ्या किरण सिस्टर.

किरण सिस्टर वॉर्डात ड्रेसिंग करत होत्या. ऐकल्यावर त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "अगं बाई. मग ती दुसरी कोण?"

"तेच शोधतेय. नंबर सगळे तुम्हीच घातले ना?"

"मीच. म्हणजे..." सिस्टर आठवू लागल्या. "मध्येच रांगेत एक म्हातारी चक्कर येऊन पडली. सर म्हणाले, सिस्टर, तुम्ही तिच्याकडे बघा, नंबर मी घालतो. मी परत येईपर्यंत दहाबारा जणी उरकल्या असतील. कोण ते काय सांगू, गर्दी होती."

अपेक्षा बाहेर आली. सगळ्यांना परत बोलावून पुन्हा सुई मारायची म्हटलं तर कित्येक बायका वीटभट्ट्यांवर गेलेल्या, कुणाचा फोन लागत नव्हता, कुणी सुईच्या भीतीने यायचंच नाव घेत नव्हतं. ती आमराईच्या रस्त्याने बाजारात शिरली. वालाच्या शेंगा विकायला बसलेल्या बायका, पोरं कडेवर घेतलेल्या बायका, आणि तिला त्यांचे चेहरे दिसेचनात, नुसते गळे दिसत होते. मंगळसूत्राच्या वर जरा फुगीर दिसलं की तिची पावलं थांबायची. हीच का? की ही? भाजीवाली म्हणाली, "काय बघता मॅडम, घ्या ना," तेव्हा ती भानावर आली.

आणि तिथेच, त्या गर्दीत, सरांच्या खोलीत काय खटकलं होतं ते तिला उमगलं. नीलेशने विचारलं, ती कोण. सिस्टरांनी विचारलं, ती कोण. ज्याला सांगावं तो आधी तेच विचारत होता.

सरांनी विचारलंच नव्हतं.

४

आपल्याला भाकरी देणाऱ्या माणसाविषयी असं मनात येणंही तिला सहन होईना. तिने स्वतःला बजावलं की सरांची नजर शंभर टक्के आहे, ते कशाला असं करतील.

मग त्या शंभर टक्क्यांपाशीच तिचं मन अडकलं. दुसरी आणि सहावी पायरी दोनदा वाचून सारखी येते, ते ठीक. पण तिसरी-चौथी? धूसर स्लाइड म्हणजे जिथे जाणता माणूसही आज एक म्हणतो आणि सहा महिन्यांनी दुसरं. जगात कुणाचंही तिथे स्वतःशी पूर्ण जुळत नाही. सरांचं दरवर्षी जुळत होतं. असं जुळायला एकच वाट होती. कोणती स्लाइड कुणाची, हे त्यांना कळत असलं पाहिजे.

दुपारी नीलेश जेवायला गेल्यावर तिने परीक्षेचा ट्रे काढला. नंबरांवर कागदी पट्ट्या जशाच्या तशा होत्या, एकही सोललेली नव्हती. तिने सहज एक स्लाइड पालथी केली. काचेच्या आतून, पांढऱ्या पट्टीवर, पेन्सिलचा नंबर उलटा पण स्वच्छ दिसत होता. तिने स्वतः ही परीक्षा दिली होती आणि स्लाइड पालथी करावी असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

आता पुढचा प्रश्न. सरांना आपल्या जुन्या उत्तरांना इतकं चिकटून राहण्याची काय गरज? आणि त्याचा शिबिराशी काय संबंध? जो माणूस दोन्ही वेळा तेच उत्तर देतो तो दोन्ही वेळा चुकलेलाही असू शकतो. जुळणीच्या आकड्यात ते दिसत नाही. तिने सरांनी दोन्ही वेळा 'निर्धोक' म्हटलेल्या स्लाइड्स एकामागून एक लावायला सुरुवात केली. बऱ्याचशा खरंच निर्धोक होत्या.

मग एक आली, तिच्यावर ती थबकली. पेशी थोड्या होत्या, रक्त फार. पण एका कोपऱ्यात चारपाच केंद्रकांवर ती खाच होती. घाईत नजरेतून निसटावी इतकी बारीक. ही कुणीही निर्धोक समजलं असतं, तिनेसुद्धा. पण अलीकडे रात्रंदिवस तिच्या डोळ्यांपुढे त्याच खाचा होत्या. भाग्यश्रीच्या नावावरच्या पेशींची ही धाकटी रूपं होती.

तिने स्लाइड पालथी करून नंबर वाचला आणि संगणकात घातला. येसूबाई ऐनकर, चौकजवळची वाडी. दोन वर्षांपूर्वीची सुई, वाचणारे डॉ. दिघे. खाली आणखी एक नोंद होती: खालापूर शिबिर. त्या दिवशी येसूबाईंचा नंबर भाग्यश्रीच्या लगेच आधीचा होता.

येसूबाईंच्या जुन्या तपासणीच्या बाकीच्या स्लाइड्स काढायला तिने कपाट उघडलं. त्यांची जागा रिकामी होती; परीक्षेच्या ट्रेत गेलेली ही एकच उरली होती.

मागे दार लोटल्याचा आवाज झाला.

"काय शोधतेस, अपेक्षा?" दिघे सरांनी विचारलं.

५

ती स्लाइड तिच्या एप्रनच्या खिशात होती. खिशावर तिने नकळत हात ठेवला आणि सरांची नजर त्या हातावर गेली. ते दारातच उभे होते. बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. या माणसाला आपण घाबरू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"ती दे इकडे," ते म्हणाले.

"नाही देणार, सर."

"तुला काय वाटतंय?"

बोलत राहिलं तर धीर राहील म्हणून ती बोलू लागली. "शिबिरात पेशी पुरेशा आल्या का ते बघायला तुम्ही एकेक स्लाइड तिथेच तपासत होतात. येसूबाईंची बघितलीत आणि तुम्हाला कॅन्सर दिसला. आपला नियम आहे, कॅन्सर निघाला की त्या बाईच्या जुन्या स्लाइड्स काढून पुन्हा वाचायच्या. त्या मी काढल्या असत्या. दोन वर्षांपूर्वी तुम्ही निर्धोक म्हटलेलं माझ्यासमोर आणि त्या तपासणी पथकासमोर आलं असतं. सिस्टर चक्कर आलेल्या बाईकडे गेल्या होत्या. तुम्ही येसूबाईंच्या स्लाइड्सवर पुढच्या बाईचा नंबर घातलात आणि पुढचीच्या स्लाइड्सवर येसूबाईंचा."

तिने खिशावरचा हात तसाच ठेवला.

"मी घाबरून सांगत सुटले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, मग ती बाई कोण. तुम्ही नाही विचारलंत. तुम्हाला ते माहीत होतं."

दिघे सर पुढे आले. ती भिंतीला टेकली. पण ते तिच्याजवळून जाऊन नीलेशच्या स्टुलावर बसले, आणि बसल्यावर एकदम म्हातारे दिसायला लागले.

"ती टेबलावर झोपली आणि हसत म्हणाली, साहेब, मागच्या टायमाला तुमीच बोललात काय नाय म्हणून," ते म्हणाले. "मग मी स्लाइड बघितली. मला काही सुचेना. वाटलं, पथक जाईपर्यंत वेळ काढू. भाग्यश्रीला कापायच्या आधी कुणीतरी सुई पुन्हा मारेलच, तेव्हा खरं कळेल. पण तिच्या घरच्यांनी घाबरून तिला तडक नेलं, आणि तिथल्या सर्जनने आपल्या रिपोर्टवर विश्वास ठेवला."

"आणि येसूबाई?"

"गेलो होतो तिच्या घरी. सांगायला. ती अंगणात वाल सोलत होती. मला ओळखलं तिने. बसायला टाकलं, पाणी दिलं." त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "मी पाणी पिऊन परत आलो."

अपेक्षाने उघडं राहिलेलं कपाट लावलं.

"दोन वर्षांपूर्वी धूसर लिहिलं असतं ना," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तर कुणी काही म्हटलं नसतं. खरंच धूसरच होती ती. पण त्या शंभर टक्क्यांपायी धूसर लिहायला मी कचरायला लागलो होतो." त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "बाकीच्या स्लाइड्स गाडीत आहेत."

६

सोमवारच्या मीटिंगमध्ये दिघे सरांनी स्वतःच सगळं सांगितलं. पुढे पोलीस आले, वैद्यक परिषदेची चौकशी सुरू झाली. सचिवांनी अपेक्षाची माफी मागितली. पण तिला त्या कशात बसायला वेळ नव्हता. त्या मीटिंगच्याही आधी ती दोन घरी जाऊन आली होती.

भाग्यश्रीच्या घरी तिने उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं. नवरा अंगावर धावून आला. भाग्यश्री मात्र ओढणी गळ्याभोवती घट्ट धरून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "मग ती कोण हाय?"

दुसरं घर येसूबाईंचं. पुन्हा सुई मारली, त्या स्लाइड्सही आपलं उत्तर न सांगता त्याच तिघांकडे पाठवल्या. चौघांचं उत्तर एकच आलं. सर्जन म्हणाले, वेळ गेलेली नाही, पण आता थांबू नका.

येसूबाईंनी साफ नकार दिला. अपेक्षा रोज जात होती आणि रोज परत येत होती. येसूबाई ओसरीवर पाय पसरून बसायच्या, हात गळ्याकडे जायचा आणि त्या तो झटकन खाली घ्यायच्या.

"पयल्यांदा काय नाय बोललात. दुसऱ्यांदा काय नाय बोललात. आता कापायचं बोलताय," त्या म्हणाल्या. "कापल्यावर काय बोलाल? त्या पोरीचा कापलात नि मग बोललात, चुकलं. मला भ्या वाटतं बाय तुमचं."

स्वतःचं भय तिला अजून पेलत नव्हतं, दुसऱ्याचं ती काय काढणार?

त्या दिवशीही ती उठायच्याच बेतात होती, तेव्हा अंगणात मोटरसायकल थांबली. मागून भाग्यश्री उतरली; येसूबाईंचं नाव आणि त्यांचा नकार तिच्यापर्यंत पोचला होता. नवरा गाडीवरच बसून राहिला, तोंड फिरवून. अपेक्षा उभी राहिली. भाग्यश्रीने तिच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ ओसरीवर येऊन येसूबाईंच्या समोर बसली.

"मी भाग्यश्री. तुमचं ते माझ्या नावावर पडलेलं, ती मी."

येसूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळं गं तुला..."

"तुमी काय केलंत? तुमी तर झोपलेलात टेबलावर, माझ्यावानी." भाग्यश्रीने ओढणी सोडली. गळ्यावर आडवा वण होता, अजून लालसर. "बघा. हात लावा, दुखत नाय आता. आदल्या राती मला पण झोप नव्हती. उठल्यावर घसा जळतो, पाणी पण गिळवत नाय. मग पेज जाते, मग भात. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, ती जन्माची. बाकी मी भांडी घासते, पाणी भरते, पोराला शाळेत सोडते."

येसूबाईंनी बोट पुढे केलं आणि त्या वणावरून अगदी हळू फिरवलं.

"तुला तर काय झालंच नव्हतं गं."

"नव्हतं. नि तरी गेले नि आले. तुमाला झालंय. तुमी नाय गेलात तर माझं उगाच गेलं असं व्हईल, नाय का?"

येसूबाईंनी वालाची टोपली बाजूला सारली. मग आत जाऊन पिशवी भरायला लागल्या. एक लुगडं, टॉवेल, देवाचा अंगारा. भाग्यश्री त्यांच्या मागोमाग आत गेली आणि त्यांना सांगू लागली की तिथे बांगड्या काढून ठेवायला लावतात, त्या घरीच ठेवा, आणि पुढून उघडणारा ब्लाउज घ्या, मान वर करता येत नाही.

रिक्षा आली तेव्हा अपेक्षाने सवयीने मागच्या सीटवर, येसूबाईंच्या शेजारी बसायला पाय उचलला. भाग्यश्रीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती.

"तुमी पुढं बसा, डॉक्टर," ती म्हणाली. "पाठी आमी दोघी बसतो."

अपेक्षा पुढे, रिक्षावाल्याच्या शेजारी जाऊन बसली.